विल्यम स्टुकली: दगड मोजत फिरलेला पाद्री

न्यूटनच्या सफरचंदाची गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत वाचली आहे. सफरचंद डोक्यावर पडलं हा भाग पुढे कुणीतरी जोडला, पण उरलेल्या गोष्टीला भक्कम आधार आहे. १५ एप्रिल १७२६ रोजी लंडनजवळच्या केन्सिंग्टनमध्ये म्हाताऱ्या न्यूटनकडे एक तरुण मित्र जेवायला गेला होता. जेवण झाल्यावर हवा उबदार होती म्हणून दोघे बागेत सफरचंदाच्या झाडांखाली चहा घेत बसले. बोलता बोलता न्यूटन म्हणाला की गुरुत्वाकर्षणाचा विचार आपल्या मनात पहिल्यांदा आला तेव्हाही आपण असेच विचारात गढून बसलो होतो. समोर सफरचंद पडलं आणि ते नेहमी सरळ जमिनीकडेच का येतं, आडवं किंवा वर का जात नाही, हा प्रश्न पडला. त्या मित्राने ही आठवण पुढे आपल्या हस्तलिखितात लिहून ठेवली. तो मित्र म्हणजे विल्यम स्टुकली.

न्यूटनच्या चरित्रात स्टुकलीचं नाव एवढ्यापुरतंच येतं. इंग्लंडच्या पुरातत्त्वात मात्र तो फार मोठा माणूस आहे. तो शिकला डॉक्टरकी, चाळिशी उलटल्यावर पाद्री झाला, आणि आयुष्यभर त्याने जुने दगड, टेकाडं, रस्ते आणि भिंती मोजल्या. दक्षिण इंग्लंडमधल्या स्टोनहेंज या प्राचीन शिळावर्तुळाबद्दल आज आपल्याला जे माहीत आहे त्यातल्या काही मूलभूत गोष्टी पहिल्यांदा त्याच्याच नजरेला पडल्या. त्याच स्टोनहेंजबद्दल त्याने सांगितलेली हकिगत मात्र जवळजवळ पूर्ण चुकीची निघाली. इतकं अचूक बघणारा माणूस इतका चुकीचा निष्कर्ष कसा काढतो, हे समजून घेण्यासाठी मला स्टुकली महत्त्वाचा वाटतो.

आधी त्या काळाची अडचण लक्षात घ्यायला हवी. इंग्लंडचा लिखित इतिहास रोमन लोकांपासून सुरू होतो. रोमन फौजांनी इसवी सन ४३ मध्ये ब्रिटन जिंकायला सुरुवात केली. त्याआधीचं तिथल्या लोकांनी स्वतः लिहिलेलं जवळजवळ काहीच नाही. स्टोनहेंजच्या दगडांवर शिलालेख नाही, राजाचं नाव नाही, नाणं नाही. दगडाचं किंवा हाडाचं वय काढायची कोणतीही रासायनिक पद्धत तेव्हा नव्हती. शिवाय जगाचं एकूण वयच सहा हजार वर्षांच्या आत बसवायचं होतं, कारण आर्चबिशप जेम्स अशर याने बायबलमधल्या पिढ्या मोजून सृष्टीची उत्पत्ती इसवी सनपूर्व ४००४ मध्ये झाल्याचं गणित मांडलं होतं आणि सुशिक्षित माणसं ते प्रमाण मानत. अशा परिस्थितीत इनिगो जोन्स या नामांकित वास्तुविशारदाने स्टोनहेंज रोमन देऊळ ठरवलं, तर वॉल्टर चार्ल्टन या डॉक्टरने ते डेन्मार्कच्या लोकांचं ठरवलं. जॉन ऑब्री या अभ्यासकाला वाटत होतं की ते रोमनांच्याही आधीचं, बहुधा ड्रुइड नावाच्या पुरोहितांचं असावं. पण ऑब्रीचं लिखाण छापलंच गेलं नाही. ते हस्तलिखितातच राहिलं आणि त्याची नक्कल रॉजर गेल या मित्रामार्फत तरुण स्टुकलीच्या हातात पडली.

स्टुकलीचा जन्म ७ नोव्हेंबर १६८७ चा, लिंकनशरमधल्या होलबीच या गावचा. वडील वकील होते. केंब्रिजला तो वैद्यक शिकला, मग लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात रिचर्ड मीड या गाजलेल्या डॉक्टरच्या हाताखाली. काही वर्षं बॉस्टन या लिंकनशरमधल्याच गावी दवाखाना चालवून १७१७ मध्ये तो लंडनला आला. तिथे सगळं झपाट्याने घडलं. १७१८ मध्ये तो रॉयल सोसायटीचा सदस्य झाला. त्याच सुमारास पुराणवस्तूंच्या अभ्यासकांची सोसायटी ऑफ अँटिक्वेरीज ही संस्था नव्याने उभी राहिली आणि स्टुकली तिचा पहिला सचिव झाला. ती संस्था आजही लंडनमध्ये चालू आहे. १७२० मध्ये त्याने हान्स स्लोन या डॉक्टरसोबत एका मेलेल्या हत्तीचं विच्छेदन केलं, आणि प्लीहेवरच्या आपल्या व्याख्यानाचं पुस्तक काढताना त्यात हत्तीच्या अवयवांची चित्रंही छापली. डॉक्टरकीच्या या शिक्षणाचा संबंध पुढच्या कामाशी आहे. शव उघडताना काय कुठे होतं, कशावर काय होतं, हे हलवण्याआधी बघायचं आणि चित्र काढून ठेवायचं ही शिस्त त्याच्या हाताला लागली होती.

१७२२ मध्ये त्याने मित्रांसोबत रोमन नाइट्स नावाची आणखी एक मंडळी सुरू केली. रोमन ब्रिटनचे अवशेष शोधणं आणि वाचवणं हे तिचं काम. सदस्य जुनी नावं धारण करत. स्टुकलीने स्वतःसाठी किन्डोनॅक्स हे ड्रुइडाचं नाव घेतलं. या मंडळीत स्त्रियांना सदस्य म्हणून घेतलं होतं, आणि ही गोष्ट मला आवर्जून सांगावीशी वाटते, कारण सोसायटी ऑफ अँटिक्वेरीजने स्त्रियांसाठी दार उघडलं ते थेट १९२१ मध्ये.

आता एव्हबरी. विल्टशर परगण्यातलं हे खेडं चक्क एका प्राचीन शिळावर्तुळाच्या आत वसलेलं आहे. भोवती मोठा खंदक, त्याबाहेर मातीचा बांध, आत सुमारे शंभर प्रचंड शिळांचं बाहेरचं वर्तुळ, त्याच्या पोटात आणखी दोन वर्तुळं. बांधाचा व्यास चारशे मीटरच्या वर आहे. हे बांधकाम इसवी सनपूर्व तिसऱ्या सहस्रकातलं आहे हे आज आपल्याला माहीत आहे. ऑब्री १६४९ मध्ये शिकारीच्या निमित्ताने तिथे पोहोचला आणि थक्क झाला होता. स्टुकली १७१९ मध्ये पहिल्यांदा गेला आणि १७२४ पर्यंत वर्षामागून वर्ष जात राहिला.

तो तिथे गेला तेव्हा गावकरी वर्तुळ फोडत होते. यात त्यांचा दुष्टपणा शोधण्यात अर्थ नाही. शेतात शिळा आडव्या येत होत्या आणि घर बांधायला दगड हवा होता. पण ही शिळा सार्सेन जातीची, म्हणजे अतिशय कठीण वालुकाश्म. छिन्नी-हातोड्याला ती दाद देत नाही. म्हणून एक युक्ती रूढ झाली होती आणि स्टुकलीने ती टप्प्याटप्प्याने टिपून ठेवली आहे. शिळेशेजारी खड्डा खणायचा. तरफा लावून शिळा त्यात आडवी पाडायची. खाली आणि बाजूला गवताचा पेंढा भरून जाळ करायचा. दगड पुरेसा तापला की जिथे फोडायचा त्या रेषेवर थंड पाणी ओतायचं आणि लगेच मोठ्या घणाने घाव घालायचे. अचानक थंड झालेला भाग आकसतो, आजूबाजूचा तापलेला भाग आकसत नाही, आणि त्या ताणाने दगड रेषेवर तडकतो. स्टुकलीने या कामाचं चित्रही काढलं: खड्डा, ज्वाळा, धूर, तरफा घेऊन उभी असलेली माणसं. टॉम रॉबिन्सन नावाचा गावकरी या कामात सगळ्यात पुढे होता. स्टुकलीने आपल्या पुस्तकात त्याचं नाव घालून त्याला इफिसस या प्राचीन ग्रीक शहरातलं आर्टेमिसचं देऊळ जाळणाऱ्या हेरॉस्ट्रेटसच्या रांगेत बसवलं.

दगड फोडणं थांबवणं त्याच्या हातात नव्हतं. दगड कागदावर उतरवणं होतं, आणि ते त्याने केलं. कोणती शिळा उभी आहे, कोणती आडवी आहे, कोणती अमुक वर्षी फोडली, कुठे नुसता खड्डा उरला आहे, हे गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून, चालून, मोजून त्याने नकाशावर आणलं. एव्हबरीच्या वर्तुळातून दोन रांगांमध्ये उभ्या शिळांचे दोन मार्ग निघतात हे त्याने दाखवलं. त्यातला एक आग्नेयेला वेस्ट केनेटकडून ओव्हरटन टेकडीवर जातो. तिथे सँक्च्युअरी नावाचं छोटं वर्तुळ होतं. स्टुकलीने ते उभं असताना पाहिलं आणि त्याच्या डोळ्यांदेखत, १७२४ च्या सुमारास, ते फोडून नाहीसं झालं. दुसरा मार्ग पश्चिमेला बेकहॅम्प्टनकडे जातो असं त्याचं म्हणणं होतं. त्यातल्या जेमतेम एकदोन शिळा शिल्लक होत्या, त्यामुळे या दुसऱ्या मार्गावर पुढची अडीचशे वर्षं फारसा कुणाचा विश्वास बसला नाही. त्याकडे मी शेवटी येतो.

स्टोनहेंज एव्हबरीहून साधारण तीस किलोमीटरवर. तिथेही हीच पद्धत. लॉर्ड विन्चेल्सी या मित्रासोबत त्याने तिथली सुमारे दोन हजार मापं घेतली. दोन उभ्या शिळांवर एक आडवी ठेवलेली जी कमान दिसते, तिच्यावर चढून दोघे वरच्या आडव्या दगडावर जेवलेही. डोकं शांत असेल तर वर नाचायलाही जागा आहे, असं त्याने लिहून ठेवलं. अशा तीन दगडांच्या रचनेसाठी ट्रायलिथॉन ही संज्ञा त्यानेच रूढ केली.

दगडांपासून दूर, आसपासच्या माळावर बघणं ही त्याची खरी कमाई. १७२१ मध्ये त्याला स्टोनहेंजपासून निघणारे दोन समांतर उथळ बांध दिसले. गवताखाली ते इतके दबलेले होते की सावली लांब पडल्याशिवाय लक्षात येत नाहीत. हा स्टोनहेंजकडे येणारा मुख्य मार्ग, ज्याला त्याने अॅव्हेन्यू म्हटलं. दोन वर्षांनी उत्तरेला सुमारे तीन किलोमीटर लांबीचा, दोन बाजूंनी खंदक असलेला आणखी एक पट्टा त्याने ओळखला. रथांच्या शर्यतीचं मैदान समजून त्याने त्याला कर्सस हे लॅटिन नाव दिलं. शर्यतीची कल्पना टिकली नाही, नाव टिकलं. आज इंग्लंडभर अशा प्रकारच्या नवाश्मयुगीन रचनांना कर्ससच म्हणतात. आणि तिसरी गोष्ट: स्टोनहेंजचा मुख्य अक्ष ईशान्येकडे, वर्षातला सगळ्यात मोठा दिवस असतो तेव्हा सूर्य उगवतो त्या दिशेने वळवलेला आहे, हे छापून सांगणारा तो पहिला. दरवर्षी जूनमध्ये हजारो लोक पहाटे तिथे जमतात ते याच दिशेसाठी.

मग वय कसं काढायचं? इथे त्याचे दोन प्रयत्न शेजारी ठेवून बघण्यासारखे आहेत, कारण एक आजही विद्यार्थ्यांना शिकवावा असा आहे आणि दुसरा पार फसला.

पहिला असा. डॉर्सेटमधल्या ओकली डाउनवर जुन्या दफनांवर रचलेली गोल टेकाडं आहेत. तिथून रोमन काळातला सरळसोट रस्ता जातो आणि एका टेकाडाची कड कापून पुढे जातो. स्टुकलीने यावरून साधा तर्क केला: रस्ता टेकाडाला कापतो, म्हणजे रस्ता बांधताना टेकाड तिथे आधीच होतं. टेकाड रोमनांच्या आधीचं. एव्हबरीजवळ सिल्बरी हिल नावाची सुमारे चाळीस मीटर उंचीची मानवनिर्मित टेकडी आहे. नाकासमोर येणारा रोमन रस्ता तिच्यापाशी वळसा घेतो. म्हणजे टेकडीही आधीची. कशाने काय कापलं, कशावर काय आहे, यावरून क्रम लावायचा ही आज प्रत्येक उत्खननातली पहिली पायरी आहे. रोमन लोकांच्याही आधी ब्रिटनमध्ये मोठी बांधकामं करणारी माणसं होती, हे त्याने या तर्काने पक्कं केलं. त्या काळात हा निष्कर्ष लहान नव्हता.

दुसरा प्रयत्न होकायंत्राचा. होकायंत्राची सुई अगदी बरोबर उत्तरेकडे नसते, आणि तिचा कल काळाप्रमाणे बदलतो. लंडनमध्ये १५८० च्या सुमारास ती उत्तरेपासून सुमारे अकरा अंश पूर्वेला होती. स्टुकलीच्या काळात ती पश्चिमेला झुकली होती. एडमंड हॅली या खगोलशास्त्रज्ञाने या बदलावर काम केलं होतं. स्टुकलीच्या मापांत स्टोनहेंजची दिशा अपेक्षेपेक्षा काही अंशांनी चुकलेली आली. त्याने धरलं की बांधणाऱ्यांनी होकायंत्र वापरलं, आणि सुई ठराविक वर्षांनी फेरी पूर्ण करते. मग सुई तेवढ्या अंशांवर कधी होती ते मागे मोजत गेला आणि उत्तर काढलं: इसवी सनपूर्व ४६०. गणित व्यवस्थित, पण गृहीतं दोन्ही चुकीची. प्राचीन ब्रिटनमध्ये होकायंत्र नव्हतं आणि सुई घड्याळासारखी फेऱ्या मारत नाही. मोठ्या शिळा इसवी सनपूर्व २५०० च्या आसपास उभ्या राहिल्या हे आता रेडिओकार्बन कालमापनावरून ठरलं आहे. म्हणजे स्टुकली दोन हजार वर्षांनी चुकला.

याच दोन हजार वर्षांमुळे ड्रुइडांचं प्रकरणही कोसळतं. ड्रुइडांची माहिती आपल्याला मुख्यतः ज्युलियस सीझरसारख्या रोमन लेखकांकडून मिळते, म्हणजे इसवी सनपूर्व पहिल्या शतकातली. स्टोनहेंज तोवर दोन हजार वर्षांचं जुनं होऊन बसलं होतं.

पण ड्रुइडच का? इथे पाद्री स्टुकलीकडे वळावं लागतं. १७२६ मध्ये तो लंडन सोडून ग्रँथमला गेला, न्यूटन जिथे शाळेत शिकला त्या गावी. तिथल्या म्हाताऱ्या माणसांकडून त्याने न्यूटनच्या लहानपणाच्या आठवणी गोळा केल्या: त्याने बनवलेली छोटी पवनचक्की, सूर्यघड्याळं. न्यूटनच्या बालपणाबद्दल आपण जे वाचतो त्यातलं बरंच इथून आलं. घरामागच्या बागेत त्याने ड्रुइडांचं छोटं देऊळ रचलं. १७२९ मध्ये त्याने चर्च ऑफ इंग्लंडची दीक्षा घेतली आणि पुढच्या वर्षी स्टॅमफर्ड गावात ऑल सेंट्स चर्चचा व्हिकर झाला.

इंग्लंडमध्ये अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात इतके पाद्री इतिहास, वनस्पती, किडे, जुनी नाणी यांचे अभ्यासक का होते, याचं उत्तर त्या नोकरीच्या रचनेत आहे. पॅरिश, म्हणजे चर्चच्या हद्दीतला गावाचा भाग, हे एकाच पाद्र्याकडे असे आणि ते पद बहुतेक वेळा आयुष्यभराचं असे. त्याला राहायला घर, चर्चच्या जमिनीचं उत्पन्न आणि शेतकऱ्यांकडून पिकाचा ठरावीक हिस्सा मिळे. नेमणूक करण्याचा हक्क कुणा सरदाराकडे, कॉलेजकडे किंवा राजदरबाराकडे असे, त्यामुळे ओळखी लागत. पण एकदा पद मिळालं की पोटाची काळजी संपे. शिक्षण ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजचं, म्हणजे लॅटिन आणि ग्रीक येत. रविवारचं प्रवचन, लग्न, बारसं, अंत्यविधी सांभाळून आठवड्याचे बरेच दिवस हाताशी राहत. आणि गावातल्या प्रत्येक घरात जाणं-येणं असल्यामुळे कुणाच्या शेतात काय सापडलं हे पहिल्यांदा पाद्र्याच्या कानावर येई.

स्टुकलीच्या बाबतीत मात्र सोयीपेक्षा मोठं कारण होतं. ख्रिस्ती धर्मातलं त्रैक्याचं तत्त्व, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तिन्ही मिळून एकच देव, हे नंतरच्या पुरोहितांनी रचलं आहे, असं त्या काळात काही विचारवंत उघडपणे म्हणू लागले होते. त्यातल्या जॉन टोलंडने तर ड्रुइडांवरच लिहून त्यांना लोकांना फसवणारे पुरोहित ठरवलं होतं. स्टुकलीला हे सहन होत नव्हतं. त्याची श्रद्धा अशी की बायबलमधल्या अब्राहामाच्या काळचा मूळ, शुद्ध धर्म फिनिशियन दर्यावर्दींसोबत ब्रिटनला पोहोचला, ड्रुइडांनी तो जपला, आणि त्रैक्याची जाणीव त्यांना ख्रिस्ताच्याही आधी झाली होती. एव्हबरीच्या नकाशात त्याला त्याचा पुरावा दिसला: मधलं मोठं वर्तुळ, आणि त्यातून आरपार जाणारा दोन शिळामार्गांचा भलामोठा साप. सापाचं डोकं ओव्हरटन टेकडीवर, शेपूट बेकहॅम्प्टनकडे. वर्तुळ म्हणजे पिता, त्यातून निघणारा साप म्हणजे पुत्र. १७४० मध्ये स्टोनहेंजवरचं आणि १७४३ मध्ये एव्हबरीवरचं पुस्तक निघालं ते या श्रद्धेत भिजलेलं.

विसाव्या शतकात स्टुअर्ट पिगट या पुरातत्त्वज्ञाने त्याचं चरित्र लिहिलं आणि आयुष्याचे दोन भाग केले: आधीचा शास्त्रीय नजरेचा तरुण, नंतरचा धर्मवेडाने भरकटलेला पाद्री. बरीच वर्षं हेच चित्र मान्य होतं. डेव्हिड बॉइड हेकॉक याने २००२ मध्ये स्टुकलीचे कागद पुन्हा तपासून दाखवलं की धर्माचे हे विचार त्याच्या डोक्यात दीक्षेच्या कितीतरी आधीपासून होते. मला हेकॉकचं म्हणणं पटतं. पिगटची विभागणी फार सोयीची आहे. ज्याला वाटतं की या दगडांत देवाने माणसाला दिलेला पहिला धर्म लिहिलेला आहे, तोच माणूस चिखलात उभा राहून दोन हजार मापं घेतो. निव्वळ कुतूहलाने गेलेला माणूस पाचपन्नास मापांवर घरी परतला असता.

तरीही श्रद्धेने एका ठिकाणी त्याचा हात वळवला, आणि ते लपवून चालणार नाही. ओव्हरटन टेकडीवरच्या सँक्च्युअरीची नोंद त्याने जागेवर केली तेव्हा ती वर्तुळं गोल काढली होती. छापील पुस्तकात तीच लंबगोल झाली, कारण सापाचं डोकं लंबगोल दिसतं. १९३० मध्ये मॉड कनिंग्टन हिने ती नाहीशी झालेली जागा स्टुकलीच्याच माहितीवरून शोधून खणली. दगडांचे आणि खांबांचे खड्डे सापडले, गोल मांडणीत. म्हणून आजचे अभ्यासक त्याच्या छापील पुस्तकांपेक्षा ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयातल्या त्याच्या मूळ कागदांवर जास्त भिस्त ठेवतात.

त्याच्या ड्रुइडांनी मोठा प्रवास केला. एकोणिसाव्या शतकात कर्नल मेडोज टेलर हा निजामाच्या चाकरीतला अधिकारी शोरापूरला, आजच्या उत्तर कर्नाटकात होता. तिथली शिळावर्तुळं आणि दगडी थडगी त्याने खणली आणि त्यावर मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात लिहिलं. पुढे आयर्लंडमध्ये छापलेल्या मोठ्या निबंधाच्या शीर्षकातच त्याने दख्खनमधल्या या स्मारकांना सेल्टिक, ड्रुइडी किंवा सिथियन म्हटलं. दख्खनमध्ये ड्रुइड कधीच नव्हते. ही थडगी लोहयुगातल्या इथल्याच लोकांची, नागपूरजवळच्या जुनापाणीची शिळावर्तुळं ज्या परंपरेतली त्याच परंपरेतली. पण टेलरने थडग्यांचे उभे छेद काढले, कोणत्या थरात काय सापडलं ते दाखवलं, आणि त्या रेखाटनांचं मोल मॉर्टिमर व्हीलर या पुरातत्त्वज्ञासारख्या कडक परीक्षकानेही मान्य केलं. स्टुकलीबाबत जे झालं तेच.

स्टुकलीची सगळ्यात महागात पडलेली चूक वेगळ्या जातीची आहे. १७४७ मध्ये कोपनहेगनहून चार्ल्स बर्ट्रम नावाच्या तरुण इंग्रजी शिक्षकाचं पत्र आलं. रोमन ब्रिटनचं वर्णन, रस्ते आणि नकाशा असलेलं एका मध्ययुगीन भिक्षूचं हस्तलिखित आपल्या पाहण्यात आहे, असं त्यात होतं. स्टुकलीने नमुना मागितला. बर्ट्रमने काही ओळींची हुबेहूब नक्कल पाठवली. ती डेव्हिड कॅस्ली या जुन्या लिपीच्या जाणकाराला दाखवली, तो म्हणाला अक्षर चारशे वर्षांपूर्वीचं आहे. मूळ हस्तलिखित ना स्टुकलीने पाहिलं ना दुसऱ्या कुणी. १७५७ मध्ये स्टुकलीने त्यावर पुस्तक काढलं, लेखक म्हणून रिचर्ड ऑफ सायरनसेस्टर या चौदाव्या शतकातल्या भिक्षूचं नावही शोधून दिलं. सगळा मजकूर बर्ट्रमने स्वतः रचला होता. तो उघडा पडायला १८६६-६७ उजाडावं लागलं. तोवर त्यातली खोटी ठिकाणं सरकारी नकाशांवर आणि नामवंतांच्या इतिहासग्रंथांत जाऊन बसली होती. शेतातला दगड स्वतः चालत जाऊन मोजणारा हा माणूस इथे एका नकलेवर समाधान मानून बसला, याचं मला फार वाईट वाटतं.

१७४७ मध्येच ड्यूक ऑफ माँटॅग्यूने त्याला लंडनच्या क्वीन स्क्वेअरमधल्या सेंट जॉर्ज चर्चचं पद दिलं आणि तो पुन्हा राजधानीत आला. १७५० च्या फेब्रुवारी आणि मार्चमध्ये लंडनला भूकंपाचे दोन धक्के बसले. स्टुकलीने लगोलग पुस्तक लिहिलं: भूकंप विजेमुळे होतात, आणि ते देवाचे इशारेही आहेत. एकाच घटनेची ही दोन कारणं मांडताना त्याला कुठेही अडखळल्यासारखं झालं नाही. १ एप्रिल १७६४ च्या रविवारी सूर्यग्रहण होतं, तर लोकांना ते बघता यावं म्हणून त्याने प्रार्थनेची वेळ पुढे ढकलली. ३ मार्च १७६५ रोजी तो वारला. त्याच्या इच्छेप्रमाणे ईस्ट हॅमच्या चर्चच्या आवारात त्याला पुरलं आणि वर स्मारक उभारलं नाही.

जुन्या वास्तू जपण्याच्या कामातही तो फार आधी उतरला होता. लंडनच्या उत्तरेला वॉल्थम इथे राणी एलेनॉरच्या स्मरणार्थ उभारलेला दगडी क्रॉस गाड्यांच्या धक्क्यांनी झिजत होता. १७२१ मध्ये त्याच्या पुढाकाराने सोसायटी ऑफ अँटिक्वेरीजने दहा शिलिंग खर्चून त्यापुढे ओकचे दोन खांब रोवले. उत्तर इंग्लंडमधली रोमनांनी बांधलेली हेड्रियनची भिंत फोडून सैन्याचा रस्ता बांधत होते तेव्हाही त्याने राजघराण्यापर्यंत तक्रार नेली.

आता बेकहॅम्प्टनचा तो राहिलेला मार्ग. विसाव्या शतकातल्या अनेक जाणकारांचा समज असा की एव्हबरीच्या पश्चिमेला शिळामार्ग नव्हताच, सापाला शेपूट हवी म्हणून स्टुकलीने तो कल्पनेने ओढला. सँक्च्युअरीच्या लंबगोलाचा अनुभव असल्यावर हा संशय रास्तच होता. १९९९ मध्ये विद्यापीठांच्या एका पथकाने बेकहॅम्प्टनच्या शेतात खणायला घेतलं. मातीखाली शिळांचे खड्डे निघाले, जाळून फोडलेल्या दगडांचे अवशेष निघाले, मध्ययुगात लोकांनी मुद्दाम पुरून टाकलेल्या अख्ख्या शिळा निघाल्या, दोन रांगांमध्ये, स्टुकलीने दाखवलेल्या बाजूलाच. साप त्याच्या मनातला होता. मार्ग जमिनीत होता.